बाबांचा पाट, माझा पाणउतारा

ती. ताईंना,

वाकून नमस्कार. (वाकूनच लिहिते आहे. तीन आठवडे जमिनीवर बसून नळ्या जोडल्यामुळे पाठ सरळ व्हायला तयार नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. फक्त घरातल्या दोन्ही बादल्या कॉलेजात गेल्यामुळे सध्या पातेल्यातून आंघोळ करतात. फोन न करता पत्र लिहिते, कारण बाबा शेजारच्या खोलीत आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं हा आपल्या सगळ्यांचा गैरसमज आहे.

झालं असं की कॉलेजात आमच्या जलप्रवाहाच्या प्रयोगशाळेतला पंप बंद पडला आणि मुलं वाहतं पाणी फळ्यावरच बघू लागली. त्यात तपासणी समिती येणार असं कळलं. उपकरणं चालू नसतील तर परीक्षेचं केंद्र जाणार, म्हणजे साठ मुलांना प्रात्यक्षिकासाठी परगावी धावावं लागणार. नव्या उपकरणांचं दरपत्रक प्राचार्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "मॅडम, घरगुती काही जमेल का?" मी म्हटलं, जमेल. (माझी ही खोड तुम्हाला लग्नापासून माहीत आहे.)

घरी येऊन कागदावर पाण्याचा पाट काढला: बारा फूट लांब, एका बाजूला मधोमध काच, खाली टाकी, लहानसा पंप, तेच पाणी फिरून फिरून येणार. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसासमोर हा कागद पसरणं ही माझी पहिली चूक. पहिल्या नळ्या जोडल्या त्या दिवशी बाबा प्रयोगशाळेत "नुसतं बघायला" आले, पण पिशवीत पाना होता. "सूनबाई, हा जोड गळणार," म्हणाले. मी म्हटलं, हिशेब केलाय. पंप सुरू केला, आणि प्राचार्यांच्या मोज्यांपर्यंत पाणी गेलं. बाबांनी न बोलता जोड उकलला, दोरा गुंडाळला, सफेदा लावला. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं.

पुढे काच मिळेना. एका सकाळी बघते तर काच बसवलेली, अगदी मापात, कडेला बोट घालून सरकवायची खाचसुद्धा. कुठून आणली विचारलं, तर म्हणाले, "रिकामीच होती." मग पाटाच्या टोकाला पाडलेल्या छिद्रातून पडणारं पाणी बादलीत धरून वेळ मोजायची, तर आकडा पुस्तकाशी जुळेना. मी दोन दिवस सूत्राशी भांडले. बाबांनी छिद्राच्या कडेवरून बोट फिरवलं, बारीक कानस मारली, आणि आकडा जुळला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासाला कधी वाजवल्या नव्हत्या.

समिती आली. पाट झुळझुळ वाहत होता. समितीचे मुख्य परीक्षक काचेतून निळ्या शाईची रेघ बघत राहिले. प्राचार्यही बघत होते, पण खाचेकडे. आपल्या ऑफिसातल्या बक्षिसांच्या कपाटाचं दार त्यांनी ओळखलं. बाबा म्हणाले, "आत काही नव्हतं साहेब. आता पाणी तरी आहे." परीक्षक हसले, केंद्र वाचलं. निघताना त्यांनी बाबांकडे बोट करून विचारलं, "हे कोण?" आणि प्राचार्यांच्या नजरेने तोंडचं पाणी पळालेलं असताना मी म्हणून गेले, "हे... वरच्या कामाला येतात."

त्या दिवसापासून घरात शांतता आहे. काल बाबांनी पाना तेल लावून गुंडाळला आणि जाहीर केलं, "शनिवारी मी लेकीकडे जातो." तर ताई, खुशाल ठेवून घ्या. माझ्यासाठी अजिबात घाई करू नका. प्रयोगशाळेत आता मला कोणी टोकणार नाही, बादल्या घरी येतील, मुलं शंका विचारायला निदान माझ्याकडे बघतील. मी अत्यंत सुखात आहे.

तुमची,
भावजय

ता. क. शनिवारच्या आधी बाबांना फोन करून सांगा की तुमच्याकडे रंगकाम काढलंय आणि पाय ठेवायला जागा नाही. खोटं बोलायला जड जात असेल तर एक भिंत खरंच रंगवून घ्या. परीक्षा पंधरा दिवसांवर आहे आणि आज सकाळी पंपाने एक नवाच आवाज काढला. तो आवाज मुलांना कळत नाही आणि मला तर नाहीच.

ता. क. दुसरा. परीक्षकांना मी पत्र पाठवलंय: ते वरच्या कामाचे नाहीत, पाट त्यांनी बांधला, ते माझे सासरे आहेत. हेच बाबांना तोंडावर सांगायला दोनदा खोलीपर्यंत गेले आणि चहा हवा का विचारून परत आले. तेवढं तुम्ही सांगा.

ता. क. तिसरा. पाटाच्या बाजूवर काल त्यांचं पूर्ण नाव रंगवलंय. शेवटचं अक्षर ओघळलंय, आडनाव तिरकं गेलंय. तेवढं मात्र त्यांच्या कानावर नक्की घाला. ते त्यांना बघवणार नाही, दुरुस्त करायला येतीलच. चांगला रंगारी मिळत होता. मी मुद्दाम स्वतः रंगवलं.