चार सुती साड्या पुरेत

३ ऑक्टो. ८८
शेजारच्या कमलचे हात अजून बांधलेलेच. स्टोव्ह भडकला तेव्हा नायलॉनची साडी कातडीला चिकटली. सोडवायला मीच होते. तो वास जात नाही. ठरवलं, यापुढे सुतीच नेसायची, हातमागाची. चार पुरेत. बाबांच्या शेतात कापूस पिकतो आणि लेकीच्या अंगावर नायलॉन!

११ ऑक्टो.
आदिलाबादला विणकराकडून दोन आणल्या. एक जांभळ्या काठाची, एक साधी निळी. काय हलकं वाटलं! नवऱ्यानं काठ बोटांनी चाचपला आणि दुकानात निघून गेला. इचोड्यात कापडाचं दुकान आमचं, आणि माल सगळा नायलॉन, टेरिकॉट.

२० ऑक्टो.
आज हे बोललेच. "गिऱ्हाईक आधी तुले पाहते, मंग माल पाहते. दुकानवालीच सुती नेसून बसली तं बाया काऊन घेतीन?"
खरंच आहे. लग्न झाल्यापासून नवा माल आला की आधी माझ्या अंगावर. दुकानातली बाहुली मी.

दिवाळीनंतर, तारीख आठवत नाही
माल पडून. हे नीट जेवत नाहीत. सासूबाई: "नवऱ्याच्या पोटावर पाय देऊन कायचं सोवळं करून राह्यली वं?" तिसरी साडी आणायचं राहिलंच.

९ जाने. ८९
संक्रांतीचा माल आला. काळं नायलॉन, चमचम बुट्टी. ह्यांनी एक माझ्यासमोर ठेवली आणि हिशेबाची वही उघडून बसले. भांडले असते तर बरं. "हळदीकुंकवापुरतीच," मीच म्हटलं. कशाला म्हटलं?

१५ जाने.
काल नेसले. चुलीकडे फिरकले नाही. बाया पदर चाचपत होत्या. आज दुकानात गर्दी, हे खुशीत. मला नुसतं रडू येत होतं.

१८ जाने.
कमल दुकानात आली. माझ्या अंगावर पाहिलेलीच साडी मागायला! तिला बाजूला घेतलं. "सुती घे वं. माही निळी नेऊन टाक."
तिनं हात पुढे केले. बोटं आखडलेली. "वैनी, ओली सुती पिळाले हात कुठून आणू? हे आपली आपण वाळते. तुमी नेसल्या, तवा माहं भेव गेलं."
हे पाहत होते. मीच बांधून दिली. एवढंच म्हणू शकले, स्टोव्हपाशी नको नेसू. 'हो' म्हणाली. एका खोलीत राहते ती, स्टोव्हही तिथंच.
आता संध्याकाळ झाली. भिंतीपलीकडे तिच्या स्टोव्हचा आवाज सुरू झालाय.