भारीचं पेट्रोल

पिंपळगाव रेणुकाई,
६ जुलै २०२५

चि. सोमेश्वर यास,
रामकिसनचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई आणि मी, दोघं बरे आहोत. कानाचं यंत्र परवा पुन्हा दुरुस्त करून आणलं. समोर बसून कुणी बोललं तर थोडंफार कळतं, फोन कानाला लावला की मात्र नुसती शिट्टी वाजते. म्हणून हे पत्र. मोबाइलवर बोटानं लिहिणं मला जमत नाही आणि या वयात जमवायचंही नाही.

मिरचीचा बाजार जोरात आहे. मापाडी म्हणून काम सोडून अकरा वर्षं झाली, तरी संध्याकाळी पाय काट्याकडे वळतात. आता काट्यावर लाल आकडे येतात. आकडा थांबला की पोतं उचलतात. आम्ही तोलून झाल्यावर वर एक मूठ टाकायचो. ती मोजायची नसायची. आता ती मूठ कुणी टाकत नाही.

लिहायचं कारण तुझी गाडी. तू ती दारात लावून बसनं गेलास, त्याला अडीच वर्षं झाली. दर रविवारी मी ती पंपापर्यंत नेऊन आणतो. गावाबाहेरच्या चढावर इंजिनातून ठक ठक आवाज येतो. हल्ली शंभर ऑक्टेनचं म्हणून एक भारीचं पेट्रोल निघालं आहे. साध्याच्या दीडपट भावाचं. ख्वाजामियाँ गॅरेजवाला म्हणतो की गाडी जुनी, तिला हे चोचले कशाला. मी मात्र तेच भरायला लागलो आहे. तू चाकणला दिवसभर इंजिनं तपासतोस. हे बरोबर की चूक ते कळव.

आई विचारते, केव्हा येतोस. लोभ आहे तो राहू दे.

तुझा,
दादा

---

चाकण,
१५ जुलै २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आधी पेट्रोलचं सांगतो. चूक.

ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. ती सहनशक्ती आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ठिणगी पडेपर्यंत ती पेटता कामा नये. दाब सहन झाला नाही तर ती आधीच पेटते, आणि तोच तुम्ही लिहिता तो ठोका. ज्या इंजिनात दाब खूप जास्त असतो, म्हणजे महागड्या, जोरात पळणाऱ्या गाड्यांत, तिथे जास्त ऑक्टेन लागतं. आपल्या गाडीत तेवढा दाबच नाही. गाडीच्या पुस्तिकेत एक्क्याण्णव पुरे असं छापलं आहे. शंभर किलोचं पोतं उचलणाऱ्या हमालाच्या डोक्यावर तुम्ही वीस किलोचं गाठोडं देता आणि त्याला मजुरी पोत्याची देता. गाठोडं त्यामुळे लवकर पोचत नाही.

ठोका खरोखर येत असेल तर प्लग तपासायला सांगा. आत काजळी धरली असेल तर तीही साफ करून घ्या. शिवाय एक विचारतो, रागावू नका. चढावर तुम्ही तिसऱ्या गिअरमध्येच राहता का? इंजिन कण्हायला लागलं तरी माणसं गिअर बदलत नाहीत. तुमच्या वयाची माणसं तर मुळीच नाहीत.

सोबत एक आकृती काढून पाठवतो. दट्ट्या वर येतो तेव्हा काय होतं ते त्यात दाखवलं आहे. न कळल्यास लिहा.

येण्याचं बघतो. ती. आईस नमस्कार.

आपला,
सोमेश्वर

---

पिंपळगाव रेणुकाई,
२४ जुलै २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

चार पानांचं पत्र आणि आकृती मिळाली. आकृती आईनं देव्हाऱ्याजवळच्या भिंतीला टोचली आहे. आल्यागेल्याला दाखवते. दट्ट्या कोणता ते तिला सांगता येत नाही, पण मुलानं काढली एवढं सांगते.

तुझं म्हणणं वाचलं. पटलं नाही. भारीच्या पेट्रोलवर गाडी हलकी पळते, हे मला सीटवर बसून कळतं. तुला चाकणहून कसं कळणार? चढावर मी दुसराच गिअर टाकतो. तिसऱ्यात राहायची खोड तुझी. शिकवताना मीच तुला चार वेळा टोकलं होतं.

ख्वाजामियाँ म्हणाला की साध्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात. भारीच्यात ते नसतं म्हणे. म्हणजे भारीचंच बरं, नाही का? आणि हमालाचं तू लिहिलंस, तर बैलाचंही ऐक. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो. त्यानं तो दुसऱ्या दिवशी जास्त नांगरत नाही. तरी घालतो. पोळा बावीस ऑगस्टला आहे.

आणखी एक. प्रियदर्शनी मंठ्याला माहेरी गेली, आता तिथेच राहील, असं तू मागे एका ओळीत कळवलं होतंस. त्यावर मी काही विचारलं नाही, विचारणारही नाही. परवा शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या की सून बरेच दिवसांत दिसली नाही. मी यंत्र बंद पडल्याचं दाखवलं. हे यंत्र असं कधी कधी कामाला येतं.

तब्येतीला जप. घरची आठवण असू दे.

तुझा,
दादा

---

चाकण,
४ ऑगस्ट २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत. ऑक्टेन वेगळं, इथेनॉल वेगळं. नळ्यांची काळजी असेल तर नळ्या बदला. त्या फार महाग नाहीत, ख्वाजामियाँ अर्ध्या दिवसात बदलून देईल. त्यासाठी दर वेळी दीडपट भाव द्यायची गरज नाही.

तुमच्या गाडीला खरा त्रास उभं राहण्याचा आहे. पेट्रोल साठून राहिलं की जुनं होतं. त्यातला हलका भाग उडून जातो, ओलावा शिरतो. म्हणून टाकी कधीही काठोकाठ भरू नका. थोडं भरा आणि संपवा. पंपापर्यंत जाऊन येणं हे चालवणं नव्हे, इंजिन नीट तापतही नाही. आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर न्या. भोकरदनपर्यंत जा. आईलाही बसवा.

हलकी पळते म्हणता, तो मनाचा खेळ आहे. आमच्याकडे चाचणीत ड्रायव्हरला कोणतं पेट्रोल भरलं ते सांगत नाहीत. सांगितलं की त्याला फरक जाणवायला लागतो.

पोळ्याला सुट्टी नाही. नळ्यांचं काय केलंत ते कळवा.

आपला,
सोमेश्वर

---

पिंपळगाव रेणुकाई,
२४ ऑगस्ट २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

पोळा झाला. आता आपल्याकडे बैल नाहीत, मातीचे पुजले. पुरणपोळ्या जास्त झाल्या होत्या. आईनं का केल्या ते मी विचारलं नाही.

नळ्या बदलल्या. जुन्या ख्वाजामियाँनं हातात आणून दिल्या, तुला दाखवायला ठेवल्या आहेत. ठोका कमी आहे, गेलेला नाही. मी अजून भारीचंच भरतो. पण मनात एक शंका आली आहे. अर्धं साधं आणि अर्धं भारीचं असं मिसळून भरलं तर ऑक्टेन मधलं होतं का? की भारीचं वर तरंगतं? आणि पेट्रोल जुनं होतं म्हणालास, ते किती दिवसांत? हे सविस्तर लिही. आकृती काढता आली तर काढ.

गाडी आतून पुसली. मागच्या सीटवर तुझी निळी छत्री आहे. ती तिथेच ठेवली.

दुर्गाबाई पुन्हा आल्या होत्या. यंत्र पुन्हा बंद पडलं.

उत्तर लवकर पाठव. वाट बघतो.

तुझा,
दादा

---

चाकण,
२ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पेट्रोल तरंगत नाही. मिसळतं. तुम्हाला जे भरायचं ते भरा. हा विषय आता इथेच संपवू.

दुर्गाबाईंचं तुम्ही दोनदा लिहिलंत म्हणून सांगतो. आमचे कागद जूनमध्येच झाले. दोघांच्या सहीनं. भांडण नव्हतं. गावात आलो की देवळापासून घरापर्यंत दहा जण विचारतील, आणि तुम्ही माझ्या शेजारी यंत्र बंद करून उभे राहाल. ते मला बघवणार नाही. म्हणून मी येत नाही. काम फार आहे असं लिहायचो, ते खरं नव्हतं.

गाडी विकून टाकलीत तरी चालेल.

सोमेश्वर

---

पिंपळगाव रेणुकाई,
९ सप्टेंबर

चि. सोमूला आईचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दादाला माहीत न्हाई. ते बाजाराकडं गेल्तेत तेवढ्यात लिहून राह्यले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, जरा सांभाळून वाच.

तुझं पत्र आलं तवा त्यांनी दोनदा वाचलं अन् घडी करून खिशात ठेवलं. भाकरी अर्धीच खाल्ली. मंग म्हणाले की पोरगं रागावलं, आता ते पेट्रोलचंबी लिहिणार न्हाई.

सोमू, आपल्या पंपावर भारीचं पेट्रोल मिळतच न्हाई. एकच हाय तिथं, साधं. भारीचं जालन्याला मिळतं म्हणतेत. तुझे दादा पयल्यापासून साधंच टाकतेत. एक थेंब भारीचा त्या गाडीत गेलेला न्हाई. अन् ठोका म्हणतोस, तर मी चुलीपासून हाका मारून मारून घसा कोरडा करते, ते त्यांना ऐकू येत न्हाई. इंजिनाचा ठोका कुठून ऐकू येणार? येवढा शिकलेला तू, चार चार पानं लिहिलीस, तुला येवढं कळलं न्हाई?

मी त्यांना म्हणलं व्हतं, लेकराला कशाला खोटं लिहिता. तर म्हणाले की केव्हा येतो विचारलं की एक ओळ येती, पेट्रोल विचारलं की चार पानं येतेत, मंग मी काय विचारू. ख्वाजामियाँ तर हसून राह्यला. म्हणाला की येवढा झूट तर मी गिऱ्हाइकालाबी बोलत न्हाई.

कागदाचं म्हणशील तर झाले ते झाले. कालच मी दुर्गाबाईला सरळ सांगितलं, बिलकुल आडपडदा ठेवला न्हाई. ती म्हणाली की तिच्या भाचीचंबी तसंच झालं, अन् ती आजवर कुणाला बोलली नव्हती. मंग आम्ही दोघींनी शेंगा फोडल्या.

त्यांना यंत्र बंद करायची हौस न्हाई. तुझ्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर ते ऐकायचं नसतं म्हणून करतेत.

मी लिहिलं हे त्यांना सांगू नको. वेळेवर जेव.

आई

---

चाकण,
१५ सप्टेंबर २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मागचं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. ते फाडून टाका. गाडी विकू नका.

पेट्रोलचा प्रश्न मी पुन्हा नीट तपासला. माझ्याकडून एक गोष्ट राहिली होती. ठोका कसला आहे हे पत्रातून ठरवता येत नाही. तो ऐकावा लागतो. मी न ऐकताच चार पानं लिहीत होतो. आमच्या इथे असं कुणी केलं तर त्याला नोकरीवर ठेवणार नाहीत.

म्हणून सव्वीस सप्टेंबरला, शुक्रवारी, मी येतो आहे. दुपारच्या गाडीनं जालन्याला उतरेन. तुम्ही गाडी घेऊन स्टेशनवर या. येताना ख्वाजामियाँला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. परत जाताना मी चालवीन. चढावर तिसऱ्यातच राहीन, मला टोकायला तुम्ही असालच.

नवरात्रात गाव भरलेलं असतं हे मला माहीत आहे. जो विचारेल त्याला मीच सांगेन. तुम्ही यंत्र चालू ठेवलंत तरी चालेल.

निकाल लागेपर्यंत तुम्ही भारीचंच भरत राहा. वरची मूठ मोजायची नसते, हे मी विसरलो होतो.

जुन्या नळ्या टाकू नका. आणि छत्री तिथेच असू द्या. ती. आईस नमस्कार. तिला म्हणावं, मी वेळेवर जेवतो.

आपला,
सोमेश्वर

---

पिंपळगाव रेणुकाई,
२२ सप्टेंबर २०२५

चि. सोमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

आज घट बसले. देवळाकडं गर्दी आहे.

काल ख्वाजामियाँला घेऊन जालन्याला जाऊन आलो. स्टेशनसमोर गाडी कुठे लावायची ते बघून ठेवलं. तिथल्या पंपावर भारीचं पेट्रोल भरलं. येताना चढावर मी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवून ऐकत होतो. ख्वाजामियाँलाही दोनदा विचारलं. काही फरक नाही. तुझं म्हणणं खरं निघालं.

टाकी काठोकाठ भरली आहे. पेट्रोल जुनं होतं असं तू लिहिलं होतंस. शुक्रवारपर्यंत होत नाही.

तुझा,
दादा