निघणाऱ्याच्या मागे पाणी

७ सप्टेंबर, मंगळवार

बारा फूट! नगरपालिकेतली ती तुलाय सकाळी सकाळी दारात उभी राहून हात उंच करून दाखवत होती — "सेनिहा मावशी, एवढी! तुमच्या वरच्या खिडकीत सरळ तोंड येईल तिचं."

बाहुली म्हणे. वेताची आणि कापडाची, तीन माणसं मिळून चालवतात. नाव रुबा. घरदार सोडून निघालेल्या पोरांची बाहुली. सीरियाच्या सरहद्दीवरून निघाली आहे, गावोगाव चालत येते आहे, आणि आमच्या धक्क्यावरून बोटीत बसून समोरच्या ग्रीक बेटावर जाणार आहे. वाटेतली गावं तिच्यासाठी गाणी म्हणतात, जेवणं घालतात. बाहुलीला जेवण! मी विचारलं, खाते का? तुलाय म्हणाली, "ती नाही खात, आपणच खायचं." मग ठीक आहे.

पण बया खरी आली होती तांब्यासाठी. "तुमच्या आईने ग्रीकांच्या क्रीट बेटावरून आणलेला तांब्या आहे ना? रुबा निघाली की पहिलं पाणी तुम्ही ओतायचं. मग सगळी गल्ली ओतेल."

मी सरळ नाही म्हटलं. ती गेल्यावर उगाचच तांब्या काढून लिंबू लावून घासत बसले. चकचकीत झाला.

९ सप्टेंबर, गुरुवार

ही रोजनिशी म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं. पुढच्या बाजूला आजचा स्वयंपाक छापलेला असतो, मागे मी. आजच्या पानावर मटण-भेंडी लिहिली आहे. मी केला रानातला पाला, ऑलिव्ह तेल आणि लिंबू. शेजारचा रेफेत कुंपणावरून ओरडला, "शेतात गाय आणि क्रीटवाला दोघं शिरले तर आधी क्रीटवाल्याला हाकला! गाय निदान पोट भरल्यावर थांबते." पन्नास वर्षं हाच विनोद. त्याची स्वतःची आई क्रीटची! मी म्हटलं, ताट घेऊन ये मेल्या. आला.

आईसुद्धा असाच पाला खुडायची. गुडघ्यात वाकून, गाणं पुटपुटत, तिकडच्या भाषेत. चिडली की तिकडची, रडली की तिकडची. आम्हाला मात्र शिकवली नाही. शाळेत मार बसेल म्हणून. तिकडे आम्ही तुर्क, इकडे आलो तर अर्धे काफर!

धक्क्यावर बसून ती समोरच्या बेटाकडे बघायची. क्रीट इथून दिसत नाही, ते बेट दुसरंच. तिला ते माहीत होतं. तरी बघायची.

१० सप्टेंबर, शुक्रवार

तांब्याला नाही का म्हटलं, ते लिहून टाकते. म्हणजे डोक्यातून जाईल.

तुर्कांच्या आणि ग्रीकांच्या, दोन्ही सरकारांनी ठरवलं — तिकडचे मुसलमान इकडे, इकडचे ग्रीक तिकडे. आई आठ वर्षांची होती. गाढवावर बोचकी, आजीच्या मांडीवर तुळशीची कुंडी. शेजारी इव्हान्थिया राहायची, ग्रीक, पण आजीची जिवाभावाची मैत्रीण. एकीच्या चुलीवर दोघींच्या गोगलगायी शिजायच्या. आईला तिनेच न्हाऊमाखू घातलेलं.

तिकडेही रीत हीच. निघणाऱ्याच्या मागे तांब्याभर पाणी ओतायचं — पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये. तर इव्हान्थिया भरलेला तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. आई गाढवावरून मागे वळून वळून बघत होती, आता ओतेल, आता ओतेल. नाही ओतला! रस्त्याचं वळण आलं, तरी तांब्या तिच्या हातात तसाच.

"भरलेला होता गं," आई म्हणायची. "रिकामा असता तर मी समजले असते." ऐंशी वर्षं हेच. मामेभाऊ सगळे जुनं गाव बघायला गेले, बोटीचं तिकीट काढून हिच्या हातात दिलं, तरी ही गेली नाही. "जिने पाणी ओतलं नाही तिच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?" मेली तेव्हासुद्धा तोंड त्या बेटाकडे होतं.

बाहुलीच्या मागे पाणी! आणि माझ्या आईच्या मागे नाही!

१२ सप्टेंबर, रविवार

हो म्हटलं. तुलायला नाही, जूरीला.

खालच्या खोलीत विदाद राहते, सीरियातल्या इदलिबची. दोन वर्षं झाली. शिवणकाम करते. नवरा जर्मनीत, कागदपत्रं तीन वर्षं अडकलेली. जूरी तिची मुलगी. आठ वर्षांची, पुढचा दात पडलेला, तोंडाचा पट्टा चालू. तुर्की माझ्यापेक्षा चांगलं बोलते. ती वर आली आणि म्हणाली, "आजी, तालीम करू. मी रुबा." मग ही माझ्या खुर्चीवर चढून रुबा झाली, उतरली, ताठ मानेने गल्लीत चालत गेली आणि मी मागे तांब्या ओतला. तिच्या पायांवर शिंतोडे उडाले. खिदळत परत आली.

"पाणी ओतलं की माणूस परत येतोच?"

"येतोच."

"मग मी खरंच निघेन तेव्हा माझ्या मागे पण ओतशील ना?"

"ओतीन की! चांगले दोन तांबे."

मला वाटलं, शाळेच्या सहलीचं म्हणते आहे.

१५ सप्टेंबर, बुधवार

पाल्याचे पराठे ऐंशी लाटायचे ठरले. माझ्यावर चाळीस. रेफेत अकॉर्डियन वाजवणार आहे. देवा, वाचव.

१८ सप्टेंबर, शनिवार

आली! आणि काय आली!

चारच्या सुमाराला चर्चच्या कोपऱ्यावरून आधी केस दिसले, मग कपाळ, मग डोळे. अहाहा, ते डोळे! हलतात. पापण्या मिटतात. आतमध्ये उंच काठ्यांवर एक पोरगा, दोन्ही हातांना एकेक मुलगी, सगळं दिसतं आहे, तरी क्षणभरात ती माणसं दिसेनाशी झाली आणि उरली फक्त पोर. भेदरलेली. मान वळवून वळवून दारं बघत होती. शाळेच्या पोरांनी कागदी होड्या दिल्या, बायकांनी पराठे दाखवले. रेफेतनेसुद्धा बरं वाजवलं. कबूल करते.

घराघरासमोर बायका तांबे, किटल्या, बादल्या घेऊन उभ्या. रुबा माझ्या दारावरून पुढे गेली. तुलायने खूण केली. मी ओतलं. नुसतं ओतलं नाही — आईचं नाव घेऊन, काठोकाठ भरलेला सगळा तांब्या एकदम भिरकावला. घे आई, ऐंशी वर्षांचं घे एकदाचं!

आणि मग सगळी गल्ली. अगं बाई! आमची उताराची गल्ली, शंभर वर्षं घासून गुळगुळीत झालेले दगड, त्यावर साठ घरांचं पाणी. वरून नुसता ओढा! आतल्या पोराची काठी सटकली. रुबा डगमगली, हात पसरले, लोक किंचाळले, मागे झाली आणि माझ्याच दारासमोर गुडघ्यावर बसली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. साठ तांबे ओतून आम्ही तिला पाच पावलंही जाऊ दिलं नाही!

पण तिचं तोंड माझ्या तोंडासमोर. डोळे मिटले, उघडले. आणि माझ्या तोंडून आईच्या भाषेत निघून गेलं — ये गं बाळा. मला येत नाही ती भाषा. ते दोन शब्द येतात, असं मलाही माहीत नव्हतं. मी सगळ्यांसमोर रडले. रडले तर रडले.

गुडघ्याशी घागरा फाटला होता. विदाद खालच्या खोलीतून पडद्याची जाड सुई घेऊन आली आणि पाण्यात बसून टाके घालू लागली. जूरी बाहुलीच्या कोपरापाशी उभी राहून स्वतःची उंची मोजत होती. विदादने दाताने दोरा तोडला, वर बघितलं आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "हिच्या मागे कशाला ओतता? परत कुठे यायचं हिने?"

मला राग आला. आज, नेमका आजच्या दिवशी! मी म्हटलं, "रीत आहे आमची."

"हो," म्हणाली. उठली आणि आत गेली.

१९ सप्टेंबर, रविवार

विदाद सकाळी कॉफी घेऊन वर आली. माफी मागायला. आणि मागता मागता भलतंच बोलली.

"मी दोनदा परत आले आहे, मावशी."

मला काहीच माहीत नव्हतं! माझ्याकडे येण्याआधी समोरच्या बेटावर जायला दोनदा बोटीत बसली होती. रबरी बोट. पहिल्यांदा गस्तीवाल्यांनी परत आणलं. दुसऱ्यांदा पाणी शिरलं. जूरी समुद्राचं पाणी प्यायली, निळी पडली. उलटं धरून पाठीवर मारलं तेव्हा श्वास आला. "आमच्यात परत आलेल्याला कोणी विचारत नाही कशी आलीस. परत आली म्हणजे काय झालं असेल, ते सगळ्यांना माहीत असतं."

मी विचारलं, तिसऱ्यांदा जाणार आहेस का? तिने कपाची बशी फिरवली.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

भांडले. कडाकडा भांडले! इथे काय कमी आहे तुला? काम आहे, खोली आहे, पोरीला शाळा आहे, मी आहे! "बाप नाही तिला," ती म्हणाली. मी म्हटलं, बुडालेल्या पोरीला बाप काय करायचा! बोलू नये ते बोलले. ती पांढरीफटक पडली.

आजच्या कॅलेंडरवर सुविचार आहे — गोड जिभेने साप बिळातून बाहेर येतो. माझ्या जिभेने माणसं बाहेर जातात.

२५ सप्टेंबर, शनिवार

अबोला.

२९ सप्टेंबर, बुधवार

अबोला सुटला. मी गोगलगायी शिजवल्या, ताट घेऊन खाली गेले. विदादने नाक मुरडलं, जूरीने सतरा खाल्ल्या. "ही तुमचीच," विदाद हसली. आईसुद्धा टाचणीने अशीच ओढून काढायची, शंखाला तोंड लावून रस्सा चोखायची, मग मोजायची. जूरीने टाचणी अगदी तश्शी धरली होती. कोणी शिकवलं नाही तिला.

खोलीत शिवणयंत्र नव्हतं. मी विचारलं नाही. दुरुस्तीला दिलं असेल, असं मनाला सांगितलं.

३ ऑक्टोबर, रविवार

तुलाय फोटो घेऊन आली. समोरच्या बेटावर रुबा पोचली! धक्क्यावर ग्रीक बायका, हातात भाकऱ्या. एका फोटोत गुडघ्यावरचे टाके दिसतात — विदादचे, लाल दोऱ्याचे. जूरी फोटो नाकाला लावून बघत बसली. "ती पोचली, आजी. तू पाणी ओतलंस तरी पोचली."

तरी! पोरीच्या जिभेला हाड नाही. मी हसले. मग रात्रभर तो शब्द टोचत राहिला.

५ ऑक्टोबर, मंगळवार

विदाद म्हणाली, उद्या बाराच्या मिनीबसने इझ्मिरला जातो, कापड आणायला. दोन दिवसांत येऊ.

तिने सांगितलं आणि मी ऐकलं. दोघी एकमेकींकडे न बघता. पाल्याचे पराठे बांधून देते म्हटलं. दोन दिवसांना पुरतील एवढेच लाटायला बसले आणि वीस झाले.

६ ऑक्टोबर, बुधवार

गेल्या. उन्हात जूरीच्या अंगात दोन स्वेटर होते. खोलीची किल्ली कुंडीत ठेवलेली सापडली.

तांब्या मी सकाळीच भरून ठेवला होता. कबूल केलं होतं ना पोरीला! तो घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, काठोकाठ भरलेला. हात पुढे केला आणि हात हलेना. देवा, ह्या परत आल्या तर कशा येतील? कोण आणेल? त्या दोघी परत येऊ नयेत म्हणून मी तो तांब्या दोन्ही हातांनी धरून ठेवला. थेंब सांडू दिला नाही. इव्हान्थिया बाई, माफ कर गं. आईला समजलं नाही. मलाही आत्ता समजलं.

जूरी मात्र वळणापर्यंत मागे वळून वळून बघत होती. माझ्याकडे नाही, तांब्याकडे. आठ वर्षांची आहे. लक्षात ठेवील.