दुसऱ्याच्या घरातली पेटी

तात्या,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले ती एका व्हिडिओ गेमबद्दल. हसाल. पण गेले काही दिवस जिवाला चैन नाही. तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसते, समोर व्यापारी बोलत असतो आणि माझं अर्धं लक्ष टेबलाखालच्या फोनकडं. आपला तो जपानी गेम आता फोनवर मिळतो. तेच चार सोबती, तीच गावं, तोच शेवटचा राक्षस.

तुम्ही फौजेतून पेन्शनीवर आलात, तेव्हा पलटणीतल्या दोस्ताकडून त्या गेमचा टीव्हीला जोडायचा जुना डबा लेकीसाठी म्हणून घेऊन आला होतात. खंडाळ्याच्या घरात टीव्हीपुढं चटईवर मी बसलेय, मागं कॉटवर तुम्ही. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगतेय. पहिली लढाई होते आणि तुम्ही चष्मा वर करून म्हणता, "आगं, ह्यो दुश्मन आपली पाळी यायची वाट बघत हुबा ऱ्हातोय व्हय? असला दुश्मन आमाला कवा मिळाला न्हाई!" अर्धी गंमत त्यातच होती, हे आता कळतं. कुणाला पुढं करायचं, कुणाला औषध द्यायचं, याचा विचार होईपर्यंत सगळं थांबतं. एरवी माझ्यासाठी काय थांबतं? आणि उरलेली गंमत म्हणजे, गावाबाहेरच्या फुटकळ भुतांना बडवून बडवून आपली माणसं दमदार व्हायची. काल ज्याच्यापुढून पळालो, त्याला आज एका फटक्यात लोळवायचं. केलेल्या कष्टांचं इतकं रोकडं फळ मला पुढं कुठल्या नोकरीत मिळालं नाही.

या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरून पेट्या उघडता येतात. आतलं सामान आपलं. सगळे खेळणारे तेच करतात. मीही पहिल्याच गावात एका घरात शिरले, तर तुमचा आवाज चढला. "मागं हो! फौजी मानूस बोलावल्याबिगर कुनाच्या घरात शिरत न्हाई. आन् पेटी उघडतीस?"

"आवं तात्या, खेळ हाय नुस्ता."

"खेळ हाय म्हनून चोरी करायची व्हय?"

मी रडले होते. त्यानंतर आपण फक्त रस्त्यावरच्या माणसांशी बोललो आणि रानातल्या पेट्या तेवढ्या उघडल्या. शेवटचा राक्षस तोंडातून आग सोडायचा आणि आपले चौघे जळून जायचे. "लय तापट हाय. ढाल पायजे," तुम्ही म्हणायचात. ढाल कुणाच्या तरी घरात असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दवाखान्यातसुद्धा तुम्ही विचारलंत, "हरला का गं त्यो?" मी नाही म्हणाले. शेवट न बघताच तुम्ही गेलात, याचा मला अजून राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

आताही तुमच्याच नियमानं खेळले आणि पुन्हा तिथंच अडकले. परवा जेवणाच्या सुट्टीत फार चिडले आणि शेवटच्या गावात एका घराचं दार उघडलं. आत पेटी होती. पेटीशेजारी एक म्हातारी उभी होती. गावातल्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढं जायचं नाही, हेही तुमचंच. म्हणून आधी तिच्याशी बोलले. ती म्हणाली, माझा लेक लढाईवर गेला तो आलाच नाही, त्याची ढाल या पेटीत पडून आहे, घेऊन जा बाळा, कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होते.

मी जेवणाचा डबा तसाच झाकून ठेवला. तात्या, ती आपल्याला बोलावत होती हो. आपण दाराबाहेर उभे होतो.

ढाल घेतली. पेटी उघडण्याआधी ऑफिसच्या खुर्चीत मागं वळून बघितलं, तिथं कॉट असल्यासारखं. आता राक्षस हरणार, यात शंका नाही. पण मी अजून त्याच्यापुढं गेलेले नाही. तो आपली पाळी यायची वाट बघत उभा आहे आणि मीच त्याला उभं ठेवलंय. तो हरला की तुम्हाला सांगायचं काही उरणार नाही.