पडवीतल्या तीन कुंड्या

२४ मे १९३४, दिवेआगर
पुण्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवणाऱ्या सोनाबाईंच्या तिन्ही कुंड्या शेवटच्या बोटीने सुखरूप पोचल्या. बाई विलायतेहून परतेपर्यंत झाडे माझ्याकडे. पाणी पानांत साठवणारी परदेशी जात, पाने कळीसारखी दाट. पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या की त्या स्वतः न्यायला येणार. झाडे नीट राहिली तर लॅबोरेटरीतली असिस्टंटची जागा मला. नाही तर बोर्लीचे स्थळ आहेच, असे गोदूआत्या म्हणते. झाडे नीट राहतील. मी बी. एस्सी. आहे.

३ जून
पावसात ही झाडे कुजतात. कोरडी आणि उजेडाची जागा एकच, पुढची ओटी. आत्या म्हणाली, असली काटेरी झाडं दारात ठेवली की घरात भांडणं होतात, कोकिळे. यांना काटे नाहीत, हे मी दाखवून दिले. आत्या म्हणाली, बघ, लागलीस ना भांडायला. ओटीच्या दारावर तिने स्वतः मात्र दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगली आहे, मुळे हवेत. अशास्त्रीय.
कुंड्या मागच्या पडवीत ठेवल्या. तिथे पावसासाठी नारळाचे विणलेले झाप बांधले आहेत. अंधार आहे, पण सौम्य.

६ जुलै
वाढ उत्तम. पहिले झाड चांगले इंचभर उंचावले. पानापानांत अंतर पडले आहे. हवा खेळती राहील.

२० जुलै
तिन्ही झाडे झापाच्या एकाच फटीकडे वाकली आहेत. जमीन उतरती असावी. अंधारात वालाचे रोप लांबुडके आणि फिके होते, हा प्रयोग मी कॉलेजात केला होता. पण तो वाल होता.
आत्या म्हणाली, तुझी झाडं तुझ्यावरच गेलीत ग, सदा मान बाहेर काढून. 

५ ऑगस्ट
दुसरे झाड स्वतःच्या भाराने आडवे झाले. काठीला बांधले. उजेड कमी पडला हे मान्य करायला माझी हरकत नाही. उपाय सोपा आहे. शेंडा थोड्या देठासकट कापायचा, जखम सुकू द्यायची, मग कोरड्या वाळूत लावायचा. उरलेल्या खोडालाही फुटवे येतात. मात्र नंतर उजेड हवाच, नाही तर पुन्हा तेच. ओटीबद्दल आत्याशी उद्या बोलते.

६ ऑगस्ट
ओटीवर बोर्लीची मंडळी बसली होती. विषय काढता आला नाही, कारण विषय मीच होते. चहा नेऊन दिला. मुलाचे नाव दिनानाथ. मी काय शिकले ते ऐकून म्हणाला, मग आमच्या सुपाऱ्या गळतात त्या बघाल का? बघितले पाहिजे, असे मी म्हणाले. ते सुपारीबद्दल होते.

१० ऑगस्ट
तिन्ही शेंडे कापले. चाकू आधी स्पिरिटने पुसला.

१४ ऑगस्ट
जखमा सुकत नाहीत. या हवेत मीठसुद्धा सुकत नाही. शेंडे चुलीवरच्या फळीवर आत्याच्या आमसुलांशेजारी ठेवले. कोरडी ऊब ती कोरडी ऊब.

१७ ऑगस्ट
शेंडे शिजले. आत्याने विचारले, आमटीत टाकू का, वाया कशाला घालवायचे.
खोडे शाबूत आहेत. झाडाचे खरे सत्त्व खोडात.

६ सप्टेंबर
बोटी सुरू झाल्या. सोनाबाई पुढच्या आठवड्यात येत आहेत. आत्याने झाप सोडले. खोडांना फुटवे आले आहेत, दाट, अगदी पुस्तकात असतात तसे. त्यांना उन्हाची सवय हळूहळू लावायची असते. तितका वेळ नाही. कुंड्या सरळ विहिरीच्या कठड्यावर ठेवल्या.

७ सप्टेंबर
फुटवे सकाळी हिरवे, दुपारी पांढरे, संध्याकाळी तपकिरी.

१३ सप्टेंबर
सोनाबाई आल्या. कुंड्या पाहिल्या, चहा घेतला. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, ही कोरफड सुरेख आहे, कोणी सांभाळली? आत्या म्हणाली, सांभाळतंय कोण, होळीपासून पाणी दाखवलेलं नाही. बाईंनी मागितली, आत्याने हौसेने सोडून दिली. मी बोटीपर्यंत उचलून नेली. जागेबद्दल बोलणे निघाले नाही.

१५ सप्टेंबर
पुण्याची हवा मला तशीही मानवत नव्हती.
बोर्लीला काय कळवू, असे आत्याने विचारले. मी विचारले, त्यांची ओटी कोणत्या दिशेला आहे. आत्या म्हणाली, तुला संसार मांडायचाय की कुंड्या? दोन्हींना माहिती एकच लागते.
ओटी पूर्वेला आहे, असे कळले. पावसाळ्यात झाप बांधतात.