न्यायची तारीख

३ मार्च

तीर्थरूप आत्यास,
टिंबूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं आणि त्यावर तारीखही आजचीच! शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, तुझी आत्या पोस्टमनच्या सायकलवर मागे बसून पत्रं लिहिते की काय. मी त्यांना समजावलं, की आमची आत्या शिवणकाम करते, आणि तिच्या चिठ्ठीवर कपडा टाकल्याची नव्हे तर न्यायची तारीख असते. तीच सवय पत्रांना लागली आहे. ज्या दिवशी वाचलं जाणार त्या दिवसाचं ते पत्र. त्यांना काही पटलं नाही. पण तू 'आज तुझ्याकडे आभाळ भरलं आहे' असं लिहिलंस, आणि भरलं होतं. तुझे अंदाज असे बरोबर आले की मला जरा कसंतरीच होतं.

नोकरीचं विचारलंस. महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, शरीररचना विभागात, देहदानाच्या टेबलावर मला बसवलं आहे. खिडकी उंच आहे, तिच्यातून फक्त जाणाऱ्यांची पावलं दिसतात. माझ्याकडे दोन वह्या. पहिलीत इच्छा नोंदवलेल्यांची नावं, दुसरीत आलेल्यांची. एक नाव पहिलीतून दुसरीत नीट उतरवणं हे माझं काम. पहिल्या वहीतली माणसं अधूनमधून फोन करून विचारतात, आपलं नाव अजून पहिल्याच वहीत आहे ना. मी दरवेळी पान उघडून खात्री करून मगच हो म्हणते. आमचे शिपाईमामा शीतगृहाचं दार उघडण्याआधी टकटक करतात. काल टकटक करून बराच वेळ उभेच राहिले. का थांबलात विचारलं, तर म्हणाले, आतून थांबायला सांगितलं. मग हसले. मला हसू आलं नाही.

तू मागितलेला देहदानाचा फॉर्म सोबत आहे. त्यावर तुझी सही, दोन साक्षीदार आणि जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. जवळचा म्हणजे नवरा, मूल, आईवडील किंवा सख्खं भावंड. भाची-पुतणी त्यात बसत नाही, मी तीनदा वाचून पाहिलं. म्हणजे तुझ्यासाठी फक्त बाबा. आणि हेही सांगायला हवं, की सही झाली तरी काम पक्कं होत नाही. आमच्या डॉक्टरबाई सांगतात, देहाला मालक नसतो, फक्त ताबा असतो. माणूस गेल्यावर तो ताबा नातेवाइकाकडे जातो, आणि त्याने नाही म्हटलं तर आमची गाडी रिकामी परत येते. गेलेल्या माणसाची सही म्हणजे विनंती, हुकूम नव्हे.

तू हे सगळं सहज म्हणून करते आहेस ना? छातीतलं दुखणं कसं आहे ते तू दोन्ही पत्रांत लिहिलं नाहीस.

लोभाची वीण सैल होऊ देऊ नकोस.
तुझी टिंबू

ता. क. फॉर्म शाईनेच भर. खाडाखोड चालत नाही.


९ मार्च

चि. टिंबूस अनेक आशीर्वाद.

आज तुझ्या टेबलावर फार काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तुला लहानपणी दम लागायचा, शाळेत पाठवता येईना, म्हणून शिवणाच्या खडूने कापडावर अक्षरं काढून मी तुला शिकवलं. एखादं टिंब राहून जाईल या भीतीने तू प्रत्येक अक्षरावर टिंब द्यायचीस. अजून तशीच आहेस. फॉर्मसोबत तुझ्या सूचनांचे दोन कागद आले! अगं, मी मरायला निघाले आहे, परीक्षेला नव्हे.

छातीचं म्हणशील तर डॉक्टर म्हणाले, धागा जुना झाला आहे. म्हणजे शब्द माझे, पण अर्थ तोच.

तू का म्हणून विचारशील, तर ऐक. मला कापायला कुणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून उसवून मी शिकले. उसवल्याशिवाय शिवण कळत नाही. तुझ्याकडच्या पोरांनाही उसवायला काहीतरी लागत असेलच. आमची शिलाई पक्की आहे, त्यांचा वेळ बरा जाईल.

तुझ्या बापाला फॉर्म दाखवला, तर तो अर्धा चहा टाकून उठला आणि एक गल्ली ओलांडून आपल्या घरी गेला. त्याला रागावू नकोस. आमचे वडील बोटीवर कामाला गेले ते गेले. बोट बुडाली, देह मिळाला नाही. हा नऊ वर्षांचा. पुढे सहा वर्षं त्याने घराच्या दाराला कडी लावू दिली नाही. मी दार उघडं ठेवून झोपायला शिकले, तो झोपायलाच शिकला नाही. बहिणीचाही देह घरून निघून कुठल्या तरी इमारतीत जाणार म्हटल्यावर तो घाबरणारच.

एक गंमत सांगते. दूधवाला रोज दार वाजवतो, मी 'आले' म्हणते, आणि दार उघडेपर्यंत तो जिना उतरून गेलेला असतो. असं तीनदा झालं. शेवटी खिडकीतून त्याला झापलं, तर म्हणतो, ताई, आतून कुणी ओच देत नाही. टिंबू, मी चांगली खणखणीत ओ देते. तारखा पुढच्या घालता घालता मीच पुढे निघून गेले की काय, कोण जाणे. घर मागे राहिलं आहे.

जेवत जा. माया आहे तशीच आहे, माप घेऊन बघायची गरज नाही.
तुझी आत्या


१६ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म आज कार्यालयाच्या टपालात आला. दोन्ही साक्षीदार आहेत, बाबांची सहीसुद्धा आहे! मला आनंदाने रडूच आलं. मग तारीख पाहिली.

आत्या, तू फॉर्मवर १९ घातली आहेस. आज १६ आहे. कार्यालयात टपाल उशिरा उघडतात असा हिशेब करून तू न्यायची तारीख घातलीस, हे मला लगेच कळलं. पण डॉक्टरबाईंना कसं कळणार? आणि बाबांनी सहीखाली 'तारीख वरीलप्रमाणे' लिहिलं आहे, म्हणजे त्यांचीही तीच. फॉर्म आज नोंदवता येत नाही. आणि १९ च्या आत काही झालं, तर ती सही गेलेल्या माणसाने केलेली ठरेल. हे लिहिण्याआधी मी तीनदा कॅलेंडर पाहिलं, वाचताना तू हसशील. हस. पण सोबतच्या नव्या फॉर्मवर ज्या दिवशी सही करशील त्याच दिवसाची तारीख घाल, आणि बाबांनाही घालायला लाव. एवढं एकदा माझं ऐक.

रागावू नकोस, जीव तसाच लावत राहा.
तुझी टिंबू


१९ मार्च

चि. टिंबूस अनेक आशीर्वाद.

आज इकडे फार शांत आहे. सकाळी उठून सगळं घर फिरून आले. मशीनवर झाकण आहे. चपला दारात आहेत, म्हणजे मी बाहेर गेलेले नाही. आणि घरातही मी मला कुठे सापडले नाही.

घाबरू नकोस गं. नेहमीसारखाच अंदाज बांधून लिहिते आहे.

तुझा बाप स्वयंपाकघरात उभा आहे. त्याला साखर सापडत नाही. वरच्या फळीवर बटणांचा म्हणून जो डबा आहे त्यात साखर आहे, आणि साखरेच्या डब्यात बटणं. मुंग्यांना फसवायला केलं होतं. त्याला कळव.

फॉर्मवर सही त्याने भिंतीकडे बघत केली. मी म्हटलं वाच, तर म्हणाला, तू सांगतेस ना, मग झालं. धाकटा भाऊ म्हणून केली, मनातून नव्हे, हे मला तेव्हाच दिसलं. म्हणून तुला सांगते, आणि तू हे त्याच्यापासून लपवू नकोस: त्याला नको असेल तर नको. माझी इच्छा आहे ती आहे. पण त्याला धरून ओढत नेऊन माझी इच्छा पुरी करायची नाही. ताबा त्याचा.

तू मात्र दोन्ही वह्यांत अक्षर सारखंच ठेव. उगाच कुठे घाईचं दिसू नये.

माझी आठवण आली तर येऊ दे, तिला अडवू नकोस.
तुझी आत्या


१९ मार्च, सकाळ

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा, सतराला, आत्या गेल्याचं तुम्ही फोनवर एका वाक्यात सांगितलंत. त्यानंतर मी चार वेळा फोन केला. तुम्ही उचलता, मला तुमचा श्वास ऐकू येतो, आणि फोन ठेवला जातो. म्हणून हे पत्र गाडीच्या चालकाबरोबर पाठवते आहे. तिकडच्या रुग्णालयाने आज संध्याकाळपर्यंतच आत्याला शीतगृहात ठेवू असं कळवलं आहे. गाडी तुमच्याकडून पुढे तिथे जाईल. ती भरून पाठवायची की रिकामी, हे तुम्ही ठरवायचं आहे.

काही लपवायचं नाही म्हणून सगळं लिहिते. तुम्ही दोघांनी सही केलेला फॉर्म निकामी आहे. त्यावर आजची तारीख आहे, आणि आत्याला जाऊन दोन दिवस झाले. काल डॉक्टरबाई खोलीत नव्हत्या. फॉर्म माझ्यासमोर होता. तारखेतला एकच आकडा बदलायचा होता. अंक मला आत्याने शिकवले, माझा आणि तिचा हात वेगळा ओळखू येत नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. ते केलं असतं तर तुम्हाला नाही म्हणणं अवघड झालं असतं, आणि तुम्हाला फसवून मी आत्याला इथे आणली असती.

नियम असा आहे, की फॉर्म नसला तरी सख्खा भाऊ आज लेखी संमती देऊ शकतो, दोन साक्षीदारांसमोर. भावाने नाही म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही. मीही विचारणार नाही.

आज टपालात आत्याचं पत्र आलं. आजच्या तारखेचं. ते सोबत जोडलं आहे. वाचायचं धाडस मला दोन वेळा करावं लागलं. त्यात तिने तुम्हाला मोकळं केलं आहे. ते वाक्य कापून ठेवावं असं मनात आलं होतं, हेही कबूल करते. तिने असंही कळवलं आहे, की साखर बटणांच्या डब्यात आहे.

बाबा, मला ती इथे हवी आहे. पण मला हवी आहे याला कायद्यात रकाना नाही.

माझ्यावर राग आला तरी माया तोडू नका.
तुमची टिंबू


१९ मार्च, दुपार

चि. टिंबूस आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. ताईचं टपाल मीच घेतो आहे, त्यामुळे तू तिला सोळाला लिहिलेलंही आज वाचलं.

चालक आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरातच उभा होतो. हातात साखरेचा डबा, आणि त्यात बटणं. तुझं पत्र वाचलं आणि वरच्या फळीवरचा डबा काढला. चालकालाही चहा दिला. त्याने तो स्वतःच गाळून घेतला.

तिची गिऱ्हाइकं कपडे घेऊन गेली. एकही काम अर्धं नव्हतं, आणि सोळाच्या पुढची चिठ्ठी एकच होती. तो गठ्ठा कोपऱ्यात होता, वर १९. मला वाटलं कुणाचा तरी राहिला. गाठ सोडली, तर कापडाच्या घडीत घडी, आत काही नाही. पुन्हा तशीच गाठ मारून ठेवली. याचा अर्थ मला विचारू नकोस.

मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. सही केली तेव्हा वाटलं होतं, ती मला पोचवेल, मला कशाला प्रसंग येतो. आज रुग्णालयातल्या कारकुनाने मला विचारलं, कुठे नेणार. साधा प्रश्न, त्याचा रोजचा. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. वडिलांच्या वेळी हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नाही. विचारला असता तरी उत्तर कुणाकडे होतं? समुद्राला दार नसतं. मला देहाचं काही नव्हतं गं, इतकी वर्षं मलाच वाटत होतं की आहे. ते कुठे आहेत, एवढंच कळत नव्हतं.

ताईचं मला कळेल. तळमजला, उंच खिडकी, आणि तिथे तू.

परत जाऊन कारकुनाला पत्ता सांगितला. संमती लिहून दिली, दोन्ही साक्षीदार रुग्णालयातलेच घेतले, आजची खरी तारीख घातली, खाडाखोड नाही. तरी तू एकदा तपासून बघ.

गाडी रिकामी येत नाही आहे. चालकाला सावकाश न्यायला सांगितलं आहे. ती पोचली की दुसरं काही करण्याआधी मला चार ओळी लिही. आमच्या घरी पोचल्याचं पत्र कधी आलेलं नाही.

तुझा,
बाबा