आबांच्या पिस्तुलातली नवी पिन

खंडेनवमी, सातारा

पूजेआधी ह्यांनी माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, लष्करातलं जुनं पिस्तूल खोललं, कोणत्या सालचं ते बघायला. सांगाड्यावर आणि नळीवर एकच झिजलेला नंबर. आतली पिन मात्र नवी, चकचकीत. पिनेशिवाय गोळी उडत नाही, आणि जुनी तर कधीच काढून टाकली होती ना? म्हणून तर मी दरवर्षी बिनघोर कुंकू लावते.

ह्यांनी विचारलं, "आबा, ही कुणी बसवली?"

"मीच. मेलेलं हत्यार पुजू न्हाई."

"कवा बसवली?"

"तुझी आई गेल्यावर."

आई गेल्यावर? नुसत्या पूजेसाठी? मी पिन उचलून मुठीत दाबली. आबांनी मागितली, तरी दिली नाही.

ते हसले. "मला भितीस व्हय गं?"

तुम्हाला नव्हे आबा, तुमच्यासाठी. मी पिन पदराच्या गाठीत बांधली.